टायमिंग बेल्ट घरी बदलावा का? पाना उचलण्याआधी करायच्या तपासण्या

माझ्या २००६ च्या सँट्रो झिंगचा टायमिंग बेल्ट आजवर चार वेळा बदललाय. टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातला दातेरी रबरी पट्टा: पिस्टन फिरवतात तो क्रँक आणि हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडतो तो कॅम, या दोन दांड्यांना तो एकमेकांशी जोडून ठेवतो. पहिल्यांदा गॅरेजमध्ये, तेही इंजिनाचं हेड (व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवून. नंतरचे तीन मी स्वतः, तासगावच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये. त्याशिवाय मेहुण्याच्या टूरिस्टच्या दोन इनोव्हा, चुलत्यांची इंडिका आणि शेजारची एक ओम्नी. मी मेकॅनिक नाही, एमआयडीसीत फिटर म्हणून नोकरी करतो. त्यामुळे पाना हातात धरायची भीती नाही, पण गाडी बिघडली तर नुकसान माझ्याच खिशातून जातं हेही माहीत आहे.

"घरी जमेल का?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, "बदलताय कशासाठी?" किलोमीटर भरले म्हणून, आवाज येतोय म्हणून, की गेल्या वर्षीच टाकलेला पुन्हा खराब झाला म्हणून? पहिल्या कारणासाठी घरी करणं बऱ्याच गाड्यांत जमतं. तिसऱ्या कारणासाठी नुसता बेल्ट बदलून काहीच होत नाही, हे मी दोनदा शिकलोय.

लक्षणं

सगळ्यात जास्त वेळा दिसणारं लक्षण म्हणजे काहीच लक्षण नसणं. पिकअप छान, ॲव्हरेज छान, आणि एक दिवस गाडी रस्त्यात गप्प.

बेल्ट तुटतो तेव्हा गाडी फुरफुरत नाही, आचके देत नाही, एकदम बंद पडते. स्टार्टर मारला की तो नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरतो. एरवी स्टार्टरच्या आवाजाला दाबल्या-सोडल्यासारखा एक ताल असतो. बेल्ट गेला की तो ताल जातो आणि दोरा न घालता शिलाई मशीन पळवल्यासारखा सलग आवाज येतो, कारण व्हॉल्व्ह हलत नाहीत आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) तयार होत नाही. हा आवाज एकदा ऐकला की चावी काढून खिशात टाकायची. दुसऱ्यांदा मारून बघायचं नाही.

बेल्टनं एखादा दात उडी मारली असेल तर गाडी चालू होते, पण उशिरा. आयडलिंगला थरथरते, चढाला दम धरत नाही, नव्या गाड्यांत चेक इंजिनचा दिवा लागतो. ओबीडीचा डोंगल (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं छोटं यंत्र) असेल आणि पी-००१६ हा कोड आला तर कॅम आणि क्रँकचा मेळ बसत नाही असा त्याचा अर्थ. तो सेन्सर किंवा वायरिंगमुळेही येतो, म्हणून कोड बघून लगेच इंजिन खोलायला बसू नका.

तिसरं लक्षण आवाजाचं. टायमिंगच्या प्लास्टिक कव्हरामागून गुणगुण, घरघर, किंवा इंजिन गरम झाल्यावर वाढणारी बारीक शिट्टी. चौथं, त्या कव्हराच्या खालच्या कडेला तेलाची ओल किंवा कुलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरच्या पाण्याची) वाळलेली पांढरट-हिरवट पुटं.

पावसाळ्यात सकाळी गाडी चालू करताना येणारी किंकाळी मात्र यात धरू नका. ती अल्टरनेटर-एसी फिरवणाऱ्या बाहेरच्या फॅन बेल्टची. आपल्याकडे दोघांनाही नुसतं 'बेल्ट' म्हणतात आणि त्या गोंधळात लोक भलत्याच पट्ट्यावर पैसे घालवतात.

आणि बंद पडलेल्या गाडीला धक्का मारायचा नाही. २०१२ च्या दिवाळीत माझी सँट्रो कराडच्या अलीकडे हायवेवर अशीच गप्प झाली. बेल्टची मुदत उलटून गेली होती, मीच आज-उद्या करत होतो. चहाच्या टपरीवरची चार पोरं धावत आली, "काका, दुसऱ्यात टाका, आम्ही ढकलतो." चांगली पोरं होती. मीही दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. तीन-चार वेळा टक-टक झालं आणि गाडी जाग्यावर अडकली. हेड उतरवल्यावर १२ पैकी ९ व्हॉल्व्ह वाकडे निघाले. त्यातले किती बेल्ट तुटताना वाकले आणि किती त्या पोरांच्या मदतीनं, ते आता कोण सांगणार? असं झालं तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून टो करायची.

तपासणी पहिली: बेल्ट आहे का?

फुकटची तपासणी आहे आणि तरी लोक ती विसरतात. मारुती ८००, ओम्नी, ७९६ सीसीची अल्टो, जुनी सँट्रो, इंडिका डिझेल, जुनी डिझेल इनोव्हा, १.५ डीसीआय (डिझेल) डस्टर या बेल्टच्या गाड्या. के-सिरीज इंजिनाच्या स्विफ्ट, वॅगन आर, अल्टो के-१० यांना बेल्टऐवजी चेन असते. स्विफ्ट डिझेलच्या १.३ इंजिनालाही चेन आणि इनोव्हा क्रिस्टाच्या डिझेललाही चेनच. चेन असेल तर हे सगळं वाचायची गरज नाही, तेल वेळेवर बदला.

बॉनेट उघडून अंदाज घ्यायचा तर: इंजिनाच्या एका टोकाला छोट्या बोल्टनी धरलेलं प्लास्टिकचं कोरडं कव्हर दिसलं तर आत बहुधा बेल्ट. धातूचं, सीलंट लावून बसवलेलं कव्हर असेल तर बहुधा चेन. याला अपवाद तेलात चालणाऱ्या बेल्टचा. फोर्डच्या १.० इकोबूस्टमध्ये तसा आहे. ते काम घरी करायचं नाही, एवढं इथेच सांगून मोकळा होतो.

तपासणी दुसरी: कागद

मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं असे दोन आकडे असतात. त्यातलं जे आधी भरेल ते धरायचं. वर्षांकडे कुणी बघत नाही. "फक्त तीस हजार चाललीय" असं अभिमानानं सांगणाऱ्याची गाडी बारा वर्षांची असते. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. टूरिस्टच्या गाड्यांचं उलट असतं: विमानतळाबाहेर एसी लावून तासन् तास उभी असलेली गाडी किलोमीटर मोजत नाही, पण बेल्ट फिरत असतोच.

सेकंडहँड गाडी घेतली असेल आणि बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा. विकणाऱ्याचं "आत्ताच केलंय" हे बिल होत नाही. जुन्या इनोव्हाच्या मीटरमध्ये टी-बेल्टचा दिवा असतो, ठरलेल्या किलोमीटरला तो लागतो. पण तो मीटरच्या बटणानं विझवता येतो. दिवा विझलाय म्हणजे बेल्ट नवा आहे असं नाही, कुणीतरी बटण दाबलंय एवढंच कळतं.

तपासणी तिसरी: कान

आवाजाची तक्रार असेल तर बाहेरचा फॅन बेल्ट काढा आणि थंड इंजिन वीस-तीस सेकंद चालू करा. त्याहून जास्त नको, कारण अनेक गाड्यांत पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असतो. बॅटरीचा दिवा लागेल, घाबरू नका. आवाज गेला तर दोष अल्टरनेटर, एसीची पुली किंवा बाहेरच्या पंपाचा. त्यासाठी टायमिंगला हात लावायची गरज नाही. आवाज तसाच राहिला तर तो कव्हराच्या आतला असण्याची शक्यता जास्त, बहुधा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) किंवा आयडलर (बेल्टला वाट दाखवणारी पुली) यांचं बेअरिंग. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक कव्हराच्या बोल्टवर आणि मूठ कानाच्या हाडावर टेकवली की आवाज कुठून येतो ते बऱ्यापैकी कळतं. फिरत्या पट्ट्यापासून लांब, शर्टाच्या बाह्या दुमडून.

या तपासणीला अर्धा तास लागतो. माझ्याकडे 'टायमिंगचा आवाज' म्हणून आणलेल्या ओम्नीचं अल्टरनेटरचं बेअरिंग वाजत होतं.

तपासणी चौथी: दहाचा पाना आणि टॉर्च

बहुतेक गाड्यांत वरचं कव्हर दहाच्या पान्यानं निघतं. चावी गाडीत ठेवू नका, खिशात ठेवा. घरातल्या कुणीतरी "चालू करून बघू का?" म्हणायला वेळ लागत नाही.

आत काय बघायचं? दातांच्या मुळाशी भेगा, तुटलेले दात, पाठीवरची चकाकी, कडेची उसवलेली सुतं, तेल, कुलंट, रबराचा काळा भुगा. बेल्ट एका जागी बघून भागत नाही. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन चालण्याच्याच दिशेनं हळूहळू फिरवत पूर्ण पट्टा नजरेखालून घालायचा. पुलीच्या बाजूनं बघितलं तर बहुतेक इंजिनं घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. १९९८ ते २००३ च्या होंडा सिटीचं उलट फिरतं. दिशा माहीत नसेल तर पाना लावू नका.

बेल्ट दिसायला चांगला असणं म्हणजे पास नाही. पूर्वीचे निओप्रीनचे बेल्ट भेगा दाखवून इशारा द्यायचे. आताचे हायड्रोजनेटेड नायट्राइल रबराचे पट्टे शेवटपर्यंत काळेभोर दिसतात आणि आतल्या काचेच्या धाग्यांची ताकद मात्र संपलेली असते. त्यामुळे ही तपासणी नापास करण्यासाठी उपयोगी, पास करण्यासाठी नाही. मुदत संपली असेल तर डोळ्यांना काहीही दिसो, बदलायचा.

मग बघायचं कशाला? बेल्ट कुणी मारला ते कळतं म्हणून. टायमिंग बेल्ट म्हातारपणानं जातो तेव्हा मुदतीच्या आसपास जातो. मुदतीच्या कितीतरी आधी गेला तर शेजारच्या भागांपैकी (पुली, सील, पंप) कुणीतरी त्याला मारलेलं असतं, आणि तो शेजारी तसाच ठेवून नवा बेल्ट घातला तर पुढचा बळी तो नवा बेल्टच.

माझ्या सँट्रोचं सांगतो. त्या नऊ व्हॉल्व्हच्या खर्चिक कामात नवा बेल्ट पडला. त्याला १९ हजार किलोमीटर झाले तेव्हा कव्हराच्या खाली ओल दिसली. मी उघडलं. बेल्ट हाताला ओल्या साबणासारखा लागत होता. एका दाताच्या मुळाशी नख घातलं तर दात सालीसारखा वर उचलला गेला. तेलानं रबर फुगतं, मऊ पडतं आणि दात सुटतात. तेल येत होतं कॅमच्या ऑइल सीलमधून (दांड्याभोवती तेल अडवणारं रबरी कडं). सील काढून बघितलं तर त्याची मऊ असायला हवी ती कड बांगडीसारखी कडक झाली होती. हेड पूर्ण खोललेलं असताना जुनंच सील परत ठोकून बसवलं होतं. बेल्टच्या मानानं त्या सीलची किंमत किरकोळ. तेव्हा मी कॅम आणि क्रँक दोन्हीकडची सीलं बदलली, नवा बेल्ट टाकला, आणि शहाणपणाची हद्द म्हणजे टेन्शनर जुनाच ठेवला. हातानं फिरवून बघितला, छान फिरत होता. हातानं फिरवताना त्यावर भार नसतो, हे मला त्या दिवशी सुचलं नाही. १४ हजारांनंतर गुणगुण सुरू झाली. उघडलं तर बेल्टची एकच कड उसवलेली. टेन्शनरचं बेअरिंग खेळायला लागलं होतं, पुली किंचित कलली होती आणि पट्टा सरकत सरकत कव्हराला घासत होता.

चौथा बेल्ट मी २०२१ मध्ये बदलला. तो नुसता वय झालं म्हणून. तोवर त्याला काहीच झालं नव्हतं.

म्हणून कड एकाच बाजूनं उसवली असेल तर टेन्शनर, आयडलर किंवा पंपाचं बेअरिंग. ओला आणि मऊ असेल तर ऑइल सील. कुलंटची पुटं असतील तर पाण्याचा पंप. डस्टरच्या १.५ डिझेलसारख्या इंजिनात हा पंप टायमिंग बेल्टच फिरवतो. तिथं जुना पंप ठेवून नवा बेल्ट टाकणं म्हणजे सगळी मजुरी पुन्हा द्यायची तयारी ठेवणं. आणि दातांमध्ये बारीक माती असेल तर खालचं कव्हर बघा. चुलत्यांच्या इंडिकाचं खालचं कव्हर मागच्या कामात तुटलं म्हणून कुणीतरी न सांगता काढून टाकलं होतं. चुलते आंबा घाटातून रत्नागिरीला महिन्यातून दोनदा जायचे. पावसाळ्यातल्या लाल चिखलानं पुल्यांचे दात पॉलिश पेपर मारल्यासारखे झाले होते. उंदराचंही ऐकून ठेवा. ऊस आणि द्राक्षाच्या पट्ट्यात चार दिवस उभी राहिलेल्या गाडीत, कव्हर तुटकं असेल तर, काय सापडेल सांगता येत नाही. मला एकदा चिंध्यांचं आख्खं घरटं सापडलंय.

तपासणी पाचवी: चूक झाली तर काय फुटेल

काही इंजिनांत बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. काहींत दोघेही एकच जागा वापरतात, फक्त वेगवेगळ्या वेळी, आणि ती वेळ बेल्ट सांभाळतो. दुसऱ्या प्रकारात बेल्ट दोन-चार दात चुकीचा बसला आणि तुम्ही चावी फिरवली की व्हॉल्व्ह वाकले. डिझेल असेल तर दुसराच प्रकार आहे असं धरून चाला. पेट्रोलचं इंजिनानुसार ठरतं. त्या इंजिनाची हेड उतरवणाऱ्या माणसाला विचारा, शोरूमच्या काउंटरवर नको.

हे कळल्यानं काम सोपं किंवा अवघड होत नाही. पण आपण किती रकमेचा जुगार खेळतोय ते आधी कळतं. गाडीवर पोट असेल, उद्या सकाळी शिर्डीची ट्रिप असेल, तर रात्री शेडमध्ये पहिला प्रयोग करू नका.

तपासणी सहावी: क्रँक पुलीचा बोल्ट

माझ्या मते निर्णय इथं होतो. बेल्टचं खालचं टोक क्रँकवर असतं. तिथं पोचायला क्रँकची मोठी पुली काढावी लागते आणि ती एका जबरदस्त घट्ट बोल्टनं धरलेली असते. बाकी सगळं दहा, बारा, चौदाच्या पान्यांत निघतं. हा एक बोल्ट माणसाला रडवतो.

माझी पद्धत अशी: कामासाठी काहीही खोलण्याआधी फक्त हा बोल्ट सैल होतो का ते बघायचं. टायमिंगच्या बाजूचं पुढचं चाक काढायचं, गाडी स्टँडवर घ्यायची. नुसत्या जॅकवर नाही, विटांवर तर नाहीच. पाचवा गिअर, हँडब्रेक, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, आणि आत बसलेल्या माणसाचा पाय ब्रेकवर. सहा कोनांचं चांगलं सॉकेट, लांब दांडा, त्यावर पाइप. झटके न देता अंगाचा भार टाकायचा. 'कट्' असा आवाज आला की सुटला.

नाही सुटला तर तिथंच थांबा. अजून काहीच खोललेलं नाही. चाक लावा आणि गाडी स्वतः चालवत गॅरेजला न्या. याच टप्प्यावर न थांबता लोक बेल्ट काढून बसतात, मग बोल्ट निघत नाही, मग गाडी टो करून न्यावी लागते आणि मेकॅनिकची बोलणीही खावी लागतात. सुटला पण आज काम करायचं नसेल, तर तो पुन्हा ठरलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

दोन गोष्टी करू नका. पाना जमिनीला टेकवून स्टार्टर मारून बोल्ट सोडवणारे बहाद्दर आहेत. पाना उडाला तर काय होतं ते मी बघितलंय, लिहीत नाही. दुसरं, कॅमची पुली अडवून क्रँकचा बोल्ट ओढू नका, सगळा ताण बेल्टच्या दातांवर येतो. ऑटोमॅटिक गाडीत गिअरनं इंजिन अडत नाही, फ्लायव्हील अडवायचं वेगळं हत्यार लागतं. ते नसेल तर तुमचा निर्णय झाला.

जुनी इनोव्हा इथं वेगळी पडते आणि म्हणूनच मी ती नवख्यालाही सुचवतो. तिच्या टू-केडी या डिझेल इंजिनात क्रँकपासून डिझेल पंपापर्यंत गिअर आहेत आणि बेल्ट पंपाच्या पुलीपासून कॅमपर्यंतच जातो. क्रँकची पुली काढावीच लागत नाही. वरचं कव्हर, टेन्शनरचे बोल्ट, बेल्ट. टेन्शनर हायड्रॉलिक असतो. तो उभा धरून व्हाइसमध्ये सावकाश दाबायचा आणि भोकात पिन घालून अडवायचा. घाईनं दाबला तर आतलं सील जातं. मेहुण्याची पहिली गाडी करायला मला अर्धा दिवस लागला, दुसरी दुपारच्या जेवणाआधी झाली. सँट्रोला अजूनही आख्खा रविवार जातो.

तपासणी सातवी: खुणा

इथवर सगळं जमलं असेल तर शेवटचा प्रश्न: तुमच्या इंजिनाच्या टायमिंगच्या खुणा कुठं आहेत हे तुम्हाला मॅन्युअल बघून, बोट ठेवून दाखवता येतं का? "साधारण इथं असेल" हे उत्तर चालत नाही.

कॅम एकदा फिरेपर्यंत क्रँक दोनदा फिरतो. म्हणजे क्रँकची खूण जुळली तरी कॅमची खूण बरोबर उलट्या बाजूला असू शकते. आधी कॅमची खूण बघायची, मग क्रँकची. दोन्ही एकाच वेळी जुळल्या पाहिजेत. जुना बेल्ट काढण्याआधी मी बायकोच्या पांढऱ्या नेलपॉलिशनं बेल्टवर आणि दोन्ही पुल्यांवर टिपके देतो, दोन टिपक्यांमधले दात मोजतो, नव्या बेल्टवर तेवढेच दात मोजून तसेच टिपके देतो. मोबाइलवर फोटो काढतोच, पण फोटो तिरका आला तर एका दाताचा फरक दिसत नाही. मोजलेले दात फसवत नाहीत.

बेल्ट काढल्यावर कॅम व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमुळे आपोआप उडी मारू शकतो. बोटं सांभाळा आणि त्याला हळूच खुणेवर परत आणा. नवा बेल्ट दुमडायचा नाही, उलटा करून बघायचा नाही, स्क्रू-ड्रायव्हरनं कड रेटून चढवायचा नाही. ज्या बाजूला टेन्शनर नाही ती बाजू ताठ ठेवून चढवायचा, ढिलाई सगळी टेन्शनरकडे. किती ताणायचा ते मॅन्युअल सांगेल तसंच. अंगठ्यानं दाबून अंदाज घेणं पस्तीस वर्षं हेच काम करणाऱ्याला शोभतं.

मग क्रँक पान्यानं पूर्ण दोन फेऱ्या फिरवायचा आणि खुणा पुन्हा बघायच्या. फिरवताना कुठं टणक अडलं, तर जोर लावू नका. कॉम्प्रेशनचा विरोध रबरी लागतो आणि थांबलं की सुटतो. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला की लोखंडावर लोखंड आल्यासारखं लागतं. हातानं टेकलेला व्हॉल्व्ह सहसा वाचतो, स्टार्टरनं टेकलेला वाचत नाही. बेल्ट काढा, खुणा पहिल्यापासून लावा. सँट्रोच्या पहिल्या घरच्या कामात मी तीन वेळा काढून लावला. तिसऱ्या वेळी अंधार पडला होता आणि आई दारात येऊन दोनदा विचारून गेली होती, "गाडी मोडली का रे?"

इथं थांबा, मेकॅनिकला बोलवा

बेल्ट तुटून गाडी बंद पडली असेल तर नवा बेल्ट स्वतः घालू नका. आधी व्हॉल्व्ह शाबूत आहेत का ते कॉम्प्रेशन टेस्टनं किंवा कॅमेरा आत घालून बघावं लागतं, त्याचं हत्यार घरी नसतं.

क्रँक आणि कॅम पिना लावून लॉक करावे लागतात अशी इंजिनं, उदाहरणार्थ १.५ डीसीआय, योग्य पिना नसतील तर सोडा. ड्रिल बिट आणि खिळे घालून केलेली कामं चालतात, पण एखादं चालत नाही. माझ्या ओळखीच्या डस्टरला मी हात लावला नाही, लायक माणसाकडे पाठवली.

कॅम किंवा क्रँकचं सील काढताना शाफ्टला चर पडली, पुली शाफ्टवर अडवणाऱ्या लोखंडी चावीची (पाचरीची) खाच झिजलेली दिसली, एखादा बोल्ट आत तुटला, किंवा ॲल्युमिनियममधले आटे गेले, तर पुढं जाऊ नका. आडव्या बसवलेल्या इंजिनात बऱ्याचदा टायमिंगच्या बाजूचं माउंटिंग (इंजिन गाडीला धरणारा आधार) काढावं लागतं. इंजिनाखाली लाकडी फळी आणि जॅक देऊन ते पेलायची सोय नसेल तरीही नको. टॉर्क रेंच नसेल तर भाड्यानं आणा. तो मिळत नसेल तर तेही थांबायचंच कारण.

गॅरेजला दिलीत तर बेल्ट, टेन्शनर, आयडलर, दोन्ही सीलं, आणि पंप टायमिंगवर असेल तर पंपही, एवढं सगळं आधीच लिहून द्या. सामान अधिकृत काउंटरवरून बिलासकट घ्या, पाकिटावरचा पार्ट नंबर गाडीच्या चासी नंबरशी जुळवा, कारण या पट्ट्यांच्या नकलाही बाजारात हुबेहूब पाकिटात मिळतात. जुने भाग पिशवीत घालून परत मागा. तो बेल्ट घरी आणून बघितला तर पुढच्या वेळी कुठल्या शेजाऱ्यावर लक्ष ठेवायचं ते कळतं.

घरी केलंत तर पहिली पाच मिनिटं फॅन बेल्ट न घालता वीस-तीस सेकंदांच्या टप्प्यांत इंजिन चालवून नुसतं ऐका. मग फॅन बेल्ट, मग कव्हरं, खालचंही. कव्हराच्या आतल्या बाजूला मार्करनं तारीख आणि किलोमीटर लिहा, बिलं हरवतात. पाचशे किलोमीटरनंतर वरचं कव्हर एकदा काढून बेल्टच्या कडा आणि सीलांखालची जागा टॉर्चनं बघा. कोरडं दिसलं तर बोल्ट परत लावा. ते दहाचेच असतात, प्लास्टिकमध्ये जातात, जोर करू नका.